पूल कोणासाठी?

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे लिफी नदीवर एक फिरता पूल आहे. नाटककार सॅम्युएल बेकेट यांच्या नावाचा हा पूल वास्तुरचनाकार सांतियागो कालात्रावा यांनी रेखाटला. डिसेंबर २००९ मध्ये तो खुला झाला. जहाज आले की अख्खा पूल एका काठाजवळच्या पायावर ९० अंशांत फिरतो, वाट मोकळी करतो आणि पुन्हा जागेवर येतो. लांब बाजूला पोलादी तारांचा आधार, तर मागच्या आखूड बाजूला वजन भरून तोल साधलेला.

आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या पुलावर मोटारींसाठी चार मार्गिका आहेत. शिवाय दोन्ही बाजूंना सायकलस्वार आणि पादचारी यांची हक्काची जागा आहे. फिरत्या पुलावर वाढलेला प्रत्येक टन यंत्राला फिरवावा लागतो. म्हणजे पादचाऱ्याला वगळायला तांत्रिक सबब तयारच होती. तरीही वगळले नाही. कारण पायी चालणारा माणूस पहिल्या आराखड्यातच होता. नंतर दया म्हणून चिकटवलेला नव्हता.

आता आपल्याकडे बघा. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला बंदी, पादचाऱ्याला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवरही दुचाकी आणि रिक्षा चालत नाही. वारा, वेग, सुरक्षितता ही कारणे सांगितली जातात. एवढे अंतर कोणी पायी जाणार नाही, हे आम्हालाही कळते. पण कारणे खरी असतील तर त्यावर उपाय शोधणे हेच अभियंत्याचे काम नव्हे काय? कठड्याने वेगळी केलेली मार्गिका किंवा गरिबाला परवडेल अशी भरपूर बससेवा आराखड्यातच का नसावी?

सार्वजनिक निधीतून उभारलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या असाव्यात, हा बोले ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. ठराव कागदावरच राहिला, म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना महाडला जावे लागले. तेव्हा जात आडवी आली. आज पुलाच्या तोंडावर जात कोणी विचारत नाही, वाहन विचारतात. पण ज्याच्याकडे मोटार नाही तो बहुतेकदा कोण असतो, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको.

म्हणून पुढचा पूल जाहीर होईल तेव्हा टोल किती, हे विचारण्याआधी आपण आराखडा मागितला पाहिजे. त्यात चालणारा माणूस कुठे आहे, हे बोट ठेवून दाखवा, असे ठणकावून सांगितले पाहिजे.