सुरुंगातले पाणी आणि खतावणी

बालाघाट जिल्ह्यातील हट्टा तेथील जुन्या बावडीसाठी ओळखले जाते. विहिरीला पाणी लागले की गाव सुखावते. त्याच जिल्ह्यातल्या मलाजखंडसारख्या तांब्याच्या खाणीत मात्र सुरुंगाच्या भोकात पाणी म्हणजे संकट. ९४ टक्के अमोनियम नायट्रेट आणि ६ टक्के डिझेलची स्वस्त दारू पाण्यात विरघळते व सुरुंग फुसका निघतो. झरा जोराचा असेल तर महागडे इमल्शनच हवे. एरवी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या पंपाने पाणी उपसावे, प्लास्टिकचे अस्तर सोडावे आणि लगेच दारू भरावी. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी पंपाचे भाडे खर्चाच्या बाजूला मांडतो. पण न उडालेली दारू उद्या कामगाराच्या ड्रिलखाली आली, तर ती कोणत्या खात्यात मांडणार? माझ्या मते उपसा ही उधळपट्टी नव्हे, बचतच आहे.