मार्सेयचे ऊन आणि एक रिकामी जागा

सुट्टीत मार्सेयला जाऊन आलो असे सांगितले की आपले लोक दोनच प्रश्न विचारतात : समुद्र कसा होता आणि हलालची सोय झाली का? दोन्हींची उत्तरे छान आहेत. मला मात्र तिथल्या एका रिकाम्या जागेबद्दल बोलायचे आहे, आणि ते ऐकायला सहसा कोणी थांबत नाही.

माझी मुलगी ल्योंला शिकते. तिथून रेल्वेने दोन तासांच्या आत मार्सेय येते. स्टेशनाबाहेर पडले की 104 पायऱ्या, आणि खाली पसरलेले शहर. ऑक्टोबर असूनही ऊन असे की स्वेटर पिशवीत गेला. आमच्या घरात हे नाव जुने आहे. आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. मुंबईहून सुटलेली बोट सुएझ ओलांडून इथे लागायची. ते ‘मारसेल’ म्हणत आणि तिथल्या कोळणी आपल्या मिरकरवाड्यासारख्याच भांडतात एवढेच सांगत. शाळेत हे गाव भेटले ते ‘मार्सेलिस’ म्हणून, सावरकरांच्या 8 जुलै 1910 च्या उडीमुळे. 1931 च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही याच बंदरात उतरले होते. म्हणजे आपल्याकडच्या माणसाला हे गाव तसे परके नाही.

पहिला दिवस सगळे पर्यटक करतात तसाच गेला. जुन्या बंदरावर सकाळचा मासळीबाजार पाहिला. नॉर्मन फॉस्टरने उभारलेल्या आरशाच्या छताखाली मान वर करून स्वतःचेच उलटे फोटो काढले. टेकडीवरच्या चर्चमधली सोनेरी मेरी गावातून कुठूनही दिसते. समुद्राकाठचे ते मोठे संग्रहालयही पाहिले. छत आणि संग्रहालय, दोन्ही 2013 चे. त्या वर्षी मार्सेय युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. सुंदर आहे सगळे, त्यात वाद नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. बंदरापासून चालत दहा मिनिटांवर नोआय नावाचा मोहल्ला आहे. मोहल्लाच म्हणतो, कारण दुसरा शब्द सुचत नाही. पुदिन्याच्या जुड्या, खजुरांचे ढीग, मसाल्यांची पोती, हलाल खाटीक, कोमोरो बेटांतल्या बायकांची रंगीत वस्त्रे, आणि हातगाडीवाल्याने वाट अडवली म्हणून चाललेली ओरड. जुम्मा एका लहानशा हॉलमध्ये पढलो. जागा कमी, माणसे जास्त. बाहेर पडल्यावर शेजारच्या सफवाल्याने ‘कुठले?’ विचारले. ‘बॉम्बे’ म्हटल्यावर त्याने चहा पाजला आणि मुलीमार्फत विचारले, ‘रू दोबान्य पाहिली का?’ मला वाटले, काहीतरी प्रेक्षणीय असेल.

ती एक चढाची अरुंद गल्ली आहे. दोन्ही बाजूंना चार-पाच मजली जुन्या इमारती एकमेकींना टेकून उभ्या, आणि मध्येच पडलेल्या दातासारखी मोकळी जागा. 5 नोव्हेंबर 2018 रोजी सकाळी नऊच्या सुमारास इथल्या 63 आणि 65 क्रमांकाच्या इमारती कोसळल्या. 63 रिकामी होती. ती महापालिकेशी जोडलेल्या गृहनिर्माण संस्थेच्या मालकीची. 65 मध्ये लोक राहत होते. आठ जण गेले, कोमोरो बेटांपासून इटलीपर्यंत कुठून कुठून आलेले. जवळच्या छोट्या चौकाला आता त्या तारखेचेच नाव आहे.

महापालिकेने आधी बोट दाखवले ते पावसाकडे. हे ऐकून मी हसलो, आणि मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय सांगणार? आपल्याकडे इमारत पडली की पहिला आरोपी पाऊसच असतो.

पण पावसाच्या आधीचे कागद होते. 2015 मध्ये सरकारनेच करून घेतलेल्या अहवालात लिहिले होते की या शहरात सुमारे 40,000 घरे राहण्यालायक नाहीत आणि त्यांत एक लाख लोक राहतात. कोसळण्याच्या अठरा दिवस आधी, 18 ऑक्टोबरला, 65 क्रमांक रिकामी केली होती. तज्ज्ञ आला, थोडा वेळ पाहून गेला आणि पहिल्या मजल्यावरचे एक घर सोडून बाकीच्यांना परत आत जाऊ दिले. त्याच इमारतीतल्या एका घराचा मालक प्रादेशिक परिषदेचा उपाध्यक्ष होता. आरशाचे छत उभे राहत होते त्या वर्षांत दहा मिनिटांवरच्या या गल्लीत भिंती फुगत होत्या, हे शहराला माहीत होते.

मला भेंडीबाजार आठवला. 31 ऑगस्ट 2017, पाकमोडिया स्ट्रीट, हुसैनी इमारत, 33 मृत्यू. बकरीद दोन दिवसांवर होती. इमारत धोकादायक आहे हे कित्येक वर्षे सगळ्यांना ठाऊक होते. काही कुटुंबे गेली होती, काही राहिली होती. नंतर 16 जुलै 2019 ला डोंगरीची केसरबाई. प्रत्येक वेळी एकच प्रश्न ऐकू येतो : नोटीस आली होती तर हे लोक गेले का नाहीत? हा प्रश्न विचारणारे बहुधा स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत असतात. पागडीवरच्या भाडेकरूला माहीत असते की एकदा खोली सोडली की ती गेली. संक्रमण शिबिरात लहानाची मोठी झालेली आणि तिथेच लग्न करून राहिलेली माणसे त्याच्या नात्यात असतात. त्याला छतापेक्षा त्या शिबिराची भीती जास्त वाटते, आणि ती भीती अडाणीपणाची नाही.

मार्सेयमध्ये मला महत्त्वाचे वाटले ते हेच. तिथल्या कायद्यात, घर धोकादायक असल्याचा हुकूम निघाला की भाडेकरूचे भाडे थांबते. त्याची तात्पुरती सोय मालकाने करायची. त्याने नाही केली तर प्रशासनाने करायची आणि खर्च मालकाकडून वसूल करायचा. अर्थात कायदा असून उपयोग झाला नव्हता. 2018 नंतर हजारो लोकांना घाईघाईने घराबाहेर काढून हॉटेलांत ठेवले आणि तिथे तेही आपल्या शिबिरासारखेच लटकले. मग मोहल्ल्यातले लोक, मृतांचे नातलग, वकील, शिक्षक एकत्र बसले. आठवड्याच्या आत मूक मोर्चा निघाला, तर त्याच्या वाटेवरच एक सज्जा कोसळला. पण ते मोर्चावर थांबले नाहीत. जुलै 2019 मध्ये नगरपालिका, सरकार आणि रहिवाशांच्या संघटना यांच्यात पुनर्वसनाची लेखी सनद झाली. बाहेर काढलेल्या माणसाचे हक्क काय आणि कोणी काय द्यायचे, हे कागदावर आले. 2020 मध्ये पंचवीस वर्षांचा कारभार बदलला. नोव्हेंबर 2024 मध्ये 16 आरोपींवर खटला उभा राहिला आणि जुलै 2025 च्या निकालात तो उपाध्यक्ष-मालक, तो तज्ज्ञ आणि तेव्हाचा एक उपमहापौरही दोषी ठरले. सहा-सात वर्षे लागली. चहा पाजणारा म्हणाला, आमच्या इमारतीच्या जिन्याला अजून टेकूच आहेत. म्हणजे स्वर्ग झालेला नाही.

आपल्याकडे मुंबईत उपकरप्राप्त इमारती तेरा हजारांच्या वर आहेत, आणि पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी दरवर्षी येते. कायद्यात आता मालकाला सहा महिने, तो हलला नाही तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, अशी तरतूद आहे. पण किती मोहल्ल्यांत अशी सोसायटी नोंदलेली आहे? आपण जनाजा उठवायला पाच हजार जमतो. डेगा चढवतो, मदतीचा निधी एका रात्रीत उभा करतो. इमारत उभी असताना तिच्या जिन्यावर सभा घ्यायला पंधरा माणसे येत नाहीत, कारण मालक कधी आपल्याच जमातीतला असतो, ट्रस्ट आपलाच असतो आणि आपल्याच माणसाला नोटीस पाठवणे वाईट दिसते. सरकार मुस्लिम वस्त्यांकडे दुर्लक्ष करते हे खरेच आहे, मी ते अनेकदा लिहिले आहे. पण रू दोबान्यच्या लोकांनी मालकांची नावे मोठ्याने घेतली, तशी आपण घेत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही उतरलो होतो तो पर्यटकांना भाड्याने दिलेला फ्लॅट याच भागात होता. दारावर आकड्यांनी उघडणारा किल्लीचा डबा. त्या जिन्यात तसे आणखी तीन. स्वस्त आणि बंदराजवळ म्हणून मीच निवडला होता. गल्लीतून परत आल्यावर मुलीने विचारले, ‘अब्बा, आपल्या आधी इथे कोण राहत असेल?’ स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा होत्या, मुलाची उंची मोजतात तशा. शेवटची रेघ माझ्या कमरेच्या थोडी वर होती.