मनाई हुकूम आणि आठची गाठ

पावसाळ्याचा आरंभ झाला, की ठाणे जिल्ह्यातील धबधबे आणि धरणांचे काठ यांच्यासाठी मनाई हुकूम जारी होतात. आणि तरीही बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या धबधब्यात कोणी तरुण बुडाल्याचे वर्तमान वाचण्याचा प्रसंग टळत नाही. अंमलदारांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; परंतु ज्या वयाला डोंगर आणि पाणी यांची ओढ उपजतच असते, त्या वयाला केवळ 'जाऊ नका' असे बजावून आपण जबाबदारीतून मोकळे झालो असे मानणे, ही निव्वळ आत्मवंचना होय.

वस्तुतः ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील महाविद्यालयांना निसर्गाने जी प्रयोगशाळा विनामूल्य बहाल केली आहे, तिचा हेवा कोणीही करावा. ठाण्याच्या पाठीशी येऊरचे अरण्य. मुंब्र्याला प्रस्तरारोहकांच्या पिढ्यांनी ज्यांवर धडे गिरवले ते कातळ. कल्याणहून नजरेत भरणारा मलंगगड. आणि आसनगावला लोकलमधून उतरले की समोर माहुली, जिथे 1636 साली शहाजीराजांनी मोगल आणि आदिलशाही फौजांशी अखेरची झुंज दिली. इतके सारे दाराशी असताना आमच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते ती वर्षाकाठी एक सहल आणि फलकासह काढलेले एक छायाचित्र.

मुंब्र्याच्या कातळाखाली पाहिलेले एक दृश्य मला विसरता येत नाही. वर एक मुलगा चढत होता आणि खाली त्याला 'बिले' देणारी, म्हणजे दोराने सांभाळणारी, त्याची वर्गभगिनी दोर आवळत होती. त्याचा पाय निसटला, दोर ताणला गेला, आणि तो जेमतेम हातभर खाली येऊन लोंबकळला. कारण बोलण्याच्या भरातही तिचा उजवा हात दोरावरून क्षणभर सुटला नव्हता. चढण्यापूर्वी त्याने कमरेशी बांधलेली आठची गाठ तिने स्वतः चाचपून पाहिली होती. ज्याची गाठ त्यानेच तपासून भागत नाही, असा तेथील दंडक आहे. साहस म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे कोणत्याही व्याख्यानाने इतके स्पष्ट केले नसते.

साहसाच्या या शिक्षणात धोका आहे आणि खर्च आहे, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच ते हौशी उत्साहावर न सोडता प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या हाती सोपवले पाहिजे. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून हे काम शिस्तीने करीत आली आहे. पण हिमालय सर्वांच्या आवाक्यातला नाही, सह्याद्री आहे. शिवाय हे कौशल्य केवळ छंदापुरते राहत नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा जेथे वाहन पोहोचत नव्हते त्या वाडीकडे बचाव पथकांबरोबर परिसरातील गिर्यारोहकही भर पावसात चढून गेले, ते पायाखालची वाट त्यांना ठाऊक होती म्हणून.

तेव्हा विनंती एवढीच, की प्रथमोपचार, पोहणे, नकाशावाचन आणि दोरकाम यांना अभ्यासक्रमात श्रेयांकांसह स्थान मिळावे. आणि मंजुरीचे कागद दफ्तरोदफ्तरी फिरत असतील तोवर प्राचार्यांनी जूनच्या वेळापत्रकात निदान एक तास राखून ठेवावा. आठची गाठ शिकवायला तेवढा वेळ पुरतो.