कृपेवर विसंबताना

'देव कृपाळू आहे, मग पापाशी झुंजायचे कशाला?' हा प्रश्न मला फसवा वाटतो. जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाचेच पाहा. १७४८ साली वादळात त्याने देवाचा धावा केला. तरी १७५४ मध्ये आजारपणाने समुद्र सुटेपर्यंत तो गुलामांच्या व्यापारातच राहिला. त्या व्यापाराविरुद्ध त्याने पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये. चाळीस वर्षांनी! कुणी म्हणेल, मग कृपेने केले काय? माझ्या मते, आपले पाप उघड्या डोळ्यांनी पाहण्याचे धैर्य दिले. शिक्षेच्या भयाने माणूस पाप झाकतो. क्षमेचा भरवसा असलेला ते चारचौघांत कबूल करू शकतो. कृपेवर विसंबणाऱ्याने म्हणूनच अधिक नेटाने झुंजले पाहिजे.