डायलिसिस लागलं म्हणजे ल्युपस संपला?

डायलिसिस सुरू झालं की ल्युपस थंडावतो, असं सर्रास म्हणतात. पुष्कळदा ते खरंही असतं, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. सांधे धरतात, चट्टे उठतात, ताप येतो, प्लेटलेट्स घसरतात. लघवीच जवळपास बंद झाली तर त्यातली प्रथिनं तपासणार कशी? म्हणून रक्तातले सी३, सी४ पाहत राहावं लागतं. आपल्याकडे मात्र किडनीचा डॉक्टर आला की संधिवाताचा सुटतो. मला हे धोक्याचं वाटतं. हा आजार बहुतेक बायकांचा, तोही ऐन तरुणपणातला. त्यात रमजानमध्ये ‘गोळ्या सोड, रोजे धर’ सांगणाऱ्या खाला-फुप्पी असतातच! सूरह बकराच्या १८४व्या आयतीत आजाऱ्याला सवलत आहे, बरं होण्याची आशाच नसेल तर फिदया आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा डोस किती ठेवायचा, हे किडनी आणि डोळे तपासून डॉक्टरांनी ठरवावं.