चावी ज्याची त्याच्या हाती

माझ्या कपाटात एक जुनी वही आहे. तिच्यात मुलांचे गुण नाहीत, त्यांच्या आईवडिलांचे ईमेल आणि पासवर्ड आहेत. सातपाटीत शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म सुरू झाले की आया मुलाचा हात धरून येतात. "मॅडम, तुम्हीच भरा ना." मी खातं उघडते, पासवर्ड मीच ठरवते. बहुतेक वेळा मुलाचं नाव आणि जन्मसाल. सेवा समजून केलेलं हे काम चुकीचं होतं, असं आता मला वाटतं.

गेल्या हंगामात एका विद्यार्थ्याच्या आईला ओळखीच्या नंबरावरून निरोप आला, 'चुकून तुमच्याकडे सहा आकडी कोड आलाय, पाठवा.' तिने पाठवला. संध्याकाळपर्यंत तिच्या व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांकडे पैसे मागितले जात होते. लोक म्हणाले, अडाणीपणा! मला हे पटत नाही. ११ ऑगस्ट २०२४ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनीही आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचं जाहीर केलं होतं. या बाईंच्या बाबतीत खोट ओटीपीतच आहे. जो आकडा सांगता येतो, तो कुणीतरी गोड बोलून काढून घेणारच. मदत मागणाऱ्याला नाही म्हणायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

शिवाय आमच्या बंदराची एक वेगळी अडचण. खात्याला नंबर घरधन्याचा असतो आणि तो समुद्रावर, नेटवर्कबाहेर. फॉर्म इथे, ओटीपी तिकडे.

पासकीचं महत्त्व इथे कळतं. तिच्या दोन चाव्या असतात. एक वेबसाइटकडे, दुसरी गुप्त, आपल्याकडे. अंगठा किंवा स्क्रीनचा पिन दिला की फोन आपली ओळख पटवतो. अंगठ्याचा ठसा फोनबाहेर जात नाही. खोट्या वेबसाइटवर ही चावी चालतच नाही. आणि तोंडाने सांगण्यासारखं काही नसल्यामुळे फोनवरचा भामटा मागणार तरी काय? गुगलच्या खात्याला २०२३ पासून ही सोय आहे.

पण एक अट आहे. घरात एकच फोन आणि त्यात चौघांचे अंगठे नोंदवलेले असतील, तर ते कुलूप चौघांनाही उघडतं. म्हणून आधी घरात बोलायला हवं, हा फोन कुणाचा आणि खातं कुणाचं. आईचं खातं आईच्या अंगठ्यावर असावं, हे सांगायला संकोच कशाला?

पासकी जमत नसेल तर निदान व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. तो सहा आकडी पिन आपण ठरवलेला असतो, एसएमएसने येत नाही. म्हणून एसएमएसचा कोड हातचा गेला तरी एक दार बंद राहतं. आणि पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच १९३० वर फोन करा.

आपल्याकडे अमानतीला फार मान आहे. दुसऱ्याची वस्तू जपायची, आणि वेळ आली की परत करायची. मी जपण्याचंच पुण्य मोजत बसले, परत करायचं विसरले. यंदा पालकसभेत ती वही घेऊन बसणार आहे. एकेका आईला शेजारी बसवून तिच्याच हाताने पासवर्ड बदलायचा, पासकी करायची आणि वहीतलं ते पान फाडायचं. वेळ जाईल, पण वही रिकामी होईल.

तुमच्याकडेही अशी एखादी वही असेल, तर तीही उघडा.