घरालाही बरं व्हायचं असतं

हुडकेश्वर रोडवर रोज सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारे एक मित्र आहेत. आम्ही बँकेच्या एकाच शाखेत होतो. मी ऑफिसर, ते हेड कॅशियर. वाटेत दारूचं दुकान लागतं. सकाळी ते बंदच असतं, तरी त्याच्या अलीकडे हे गृहस्थ रस्ता ओलांडतात आणि पुढे जाऊन पुन्हा या बाजूला येतात. दारू सोडून त्यांना नऊ वर्षं झाली. एकदा मी गमतीनं म्हटलं, "अहो, आता कशाला?" ते म्हणाले, "साहेब, काल कॅश जुळली होती म्हणून आज न मोजता तिजोरीला कुलूप लावता येतं का?"

मी निरुत्तर झालो. त्यांच्या व्यसनात माझाही थोडा वाटा होता. सोमवारी ते आले नाहीत की वहिनींचा फोन यायचा, "यांना ताप आहे." ताप कसला, ते मला ठाऊक असे. मी मुकाट्यानं रजा मंजूर करी. एका कर्जाला जामीनही राहिलो. वाटे, आपण माणुसकी दाखवतो आहोत. प्रत्यक्षात त्यांच्या दारूचे हप्ते आम्ही सगळे मिळून भरत होतो.

व्यसन हा आजार आहे, हे आता वैद्यकशास्त्र निःसंदिग्धपणे सांगतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून शपथा घालून खोलीत कोंडण्यापेक्षा डॉक्टरांकडे नेणं शहाणपणाचं. आमच्या मित्रांनीही तसंच केलं. ते बरे होऊन घरी आले, आम्ही पेढे वाटले. महिन्याभरानं वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, हे सुधरले. पण माझी झोप नाही सुधरली."

अकरा वर्षं त्या फाटकाच्या आवाजाकडे कान लावून जागल्या होत्या. नवरा शुद्धीवर आला, तरी त्या त्याच्या तोंडाचा वास घेत, खिसे चाचपत. आजार एकाचा होता, पण अंथरूण सगळ्या घरानं धरलं होतं.

पुण्यात १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' हा गट चालतो. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची चळवळ सुरू झाली आणि १९५१ साली कुटुंबीयांसाठी अल्-अॅनॉन ही वेगळी संघटना निघाली. सूत्र एकच : त्याची दारू तुम्ही लावली नाही, तुम्ही ती सोडवूही शकत नाही, पण स्वतःला सावरू शकता.

आपल्याकडे बाईनं स्वतःकडे पाहिलं की तिला आपमतलबी म्हणतात. पण उपाशी राहून, रक्तदाबाची गोळी चुकवून तिनं कोणाचं भलं केलं? या चळवळीतले जुने लोक चार गोष्टी जपायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यांतलं एकही वाढलं की बरा होणारा माणूस पुन्हा घसरतो. मी म्हणतो, हीच यादी घरातल्या प्रत्येकानं स्वतःसाठीही वापरावी. वेळेवर जेवावं, माहेरच्यांशी मोकळं बोलावं, मुलांना खरं काय ते सांगावं. त्याच्यासाठी खोटा फोन करू नये, त्याची उधारी फेडू नये. आणि मार खाणं म्हणजे संसार सांभाळणं नव्हे. तिथे आधी सुरक्षित जागी जावं. कोणाशी बोलावं हे कळत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

कायद्यावर सगळं सोडता येत नाही. चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी झाली, २०२१ साली उठली. घरातला प्रश्न दोन्ही वेळा घरातच होता. आपल्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, सारी इडापिडा गावाबाहेर नेते. व्यसनाची मारबत मात्र एकदा काढून भागत नाही, ती रोज काढावी लागते. पाय घसरला तर घरानं 'सगळं वाया गेलं' असं म्हणू नये. तूट आली म्हणून कोणी बँक बंद करत नाही, फेरमोजणी करतं.

वहिनी आता सायंकाळी भजनी मंडळात जातात. परवा मी झोपेचं विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "काल हे लग्नाहून उशिरा आले म्हणे. कधी आले, मला कळलंच नाही."